मागच्या खोलीतली भांडी

सेंदिलनं माझ्या सगळ्यात मोठ्या हंड्यावर टिचकी मारली आणि विचारलं, "हा किती लिटरचा, सार?"

"लिटर आम्ही मोजत नाही," मी म्हणालो. "पानं मोजतो. हा तीनशे पानांचा."

पान म्हणजे केळीचं पान. एक पान म्हणजे एक जेवणारा माणूस. तीनशे पानांचा हंडा म्हणजे ज्यात तीनशे माणसांचा भात होतो तो. आमच्या तंजावुरात ह्याला अंडा म्हणतात. महाराष्ट्रातली माणसं हे ऐकून हसतात, म्हणून इथं हंडाच लिहितो.

"आमच्या सॉफ्टवेअरमध्ये लिटर टाकावं लागतं," सेंदिल म्हणाला.

"मग पाणी भरून मोजून घे. हंडा इथंच आहे, नळ तिकडं आहे."

तो हसला. मुलगा वाईट नव्हता. त्रिचीत त्याची इव्हेंट कंपनी आहे. मंडप, फुलं, जेवण, फोटो सगळं एका हाताखाली. तंजावुरात पाय रोवायचा होता म्हणून तो माझं दुकान विकत घ्यायला आला होता.

माझं दुकान भाड्याच्या भांड्यांचं. लग्न, बारसं, मंदिराचं अन्नदान, जिथं शंभर माणसं जेवायची तिथं माझी भांडी जायची. भाताचे हंडे, इडली उकडायचे खोल कोप्परै, पायसमची म्हणजे खिरीची पसरट उरळी, माणसाच्या उंचीचे झारे. हे दुकान माझ्या वडिलांनी राजवाड्याजवळच्या गल्लीत काढलं. गावात मला कुणी नावानं हाक मारत नाही. मराठी माणूस म्हणून नुसतं "राव". तेच दुकानाचं नाव. पाटीसुद्धा आम्ही फार उशिरा लावली. गरज नव्हती.

विकायचं का, ते सांगतो. माझा डावा गुडघा बदलून झाला होता आणि उजवा रांगेत उभा होता. मुलगी पद्मा कोइम्बतूरला असते, ती रोज फोनवर "अप्पा, पुरे करा" म्हणायची. पण खरं कारण माझी बायको कमला.

आमच्या धंद्यात मुहूर्ताचा दिवस म्हणजे दुसऱ्यांचं लग्न आणि आमची धावपळ. तिच्या माहेरची लग्नं झाली, माझ्या भावांच्या मुलांची झाली, आमच्या पद्माचं झालं. प्रत्येक वेळी मी मागं चुलीपाशी. कमला एकटी पंगतीत. शेजारची बाई विचारणार, "राव कुठं?" आणि ही म्हणणार, "हंड्यात."

एक दिवस ती मला म्हणाली, "ऐकलांत कां? मला काही नको. सोनं नको, कोइम्बतूरही नको. एका कल्याणात मला तुमच्या शेजारी बसून पायसम प्यायचंय. तुम्ही न उठता."

कल्याण म्हणजे लग्न. घरात आम्ही असंच मिसळून बोलतो.

मी बासष्टचा. आमच्या धंद्यात ह्या वयाला कुणी रिटायर होत नाही. वडील अखेरच्या आजारात अंथरुणावरून विचारायचे, "झारे मोजून घेतलेस कां?" पण कमलानं आयुष्यात एवढंच मागितलं होतं. मी सेंदिलला होय म्हटलं.

त्याच्या अटी सरळ होत्या. दुकान, भांडी, नाव, सगळं त्याचं. मी तंजावुरात पुन्हा भाड्याची भांडी द्यायची नाहीत. रक्कम चांगली होती. मी मान डोलावली.

मग तो मागच्या खोलीत शिरला.

"ही वेगळी का ठेवलीत, सार?"

ही गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. आमच्याकडे भांड्यांचे दोन संच असतात. पुढच्या खोलीतली शुभाची. मागच्या खोलीतली दहाव्या-तेराव्याची. ज्या हंड्यात मयताच्या घरचा भात शिजला तो लग्नाच्या चुलीवर चढत नाही. दिसायला दोन्ही सारखी. म्हणून मागच्या भांड्यांच्या काठावर वडिलांनी कानशीनं तीन खाचा पाडून ठेवल्या. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं.

ह्या खोलीचे रिवाज निराळे. घरी कुणी गेलं की माणूस आमच्या पुढच्या दाराशी येत नाही. मागच्या बोळातल्या दाराशी येतो. भाडं आम्ही सांगत नाही, तो विचारत नाही, जमेल तेवढं उंबऱ्यावर ठेवून जातो. निघताना तो "येतो" म्हणत नाही आणि आम्ही "या" म्हणत नाही. भांडी तो परत आणून देत नाही. तेरावा झाल्यावर आम्ही जाऊन आणतो.

लग्नाची भांडी कधी रिकामी परत यायची नाहीत. मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, विड्याची पानं, काहीतरी तळाशी असायचंच. आम्ही भावंडं लहानपणी ती भांडी दाराशी आली की आत डोकं घालून बघायचो. एकदा माझ्या धाकट्या भावाला उरळीत लाडू सापडला. तो घ्यायला वाकला आणि आतच पडला. वडिलांनी पायाला धरून ओढून काढला. लाडू त्यानं सोडला नाही.

मागच्या खोलीतल्या भांड्यांत मात्र डोकावायचं नाही, हे आम्हाला कुणी न सांगता ठाऊक होतं.

वडिलांबरोबर मी तिरुवैयारुला हातगाडी घेऊन जायचो. कावेरीकाठी क्रिया करणारी घरं भांडी मागवायची. वाटेत नद्यांमागून नद्या, पुलामागून पूल. चढावर मी मागून लोटायचो. तिरुवैयारुत शिरलं की सकाळच्या वेळी एखाद्या घरातून शिकवणीचं गाणं ऐकू यायचं. वडील गाडी थांबवून उभे राहायचे. म्हणायचे, "भांडी वाजू देऊ नको." गाणं संपलं की गाडी पुढं. आता पुलावरून बस जाते तेव्हा मला ती गाडी ओढणारा माणूस दिसतो. गाडी दिसत नाही, नुसती त्याची पाठ दिसते.

हे सगळं काही मी सेंदिलला सांगितलं नाही. रिवाज तेवढा सांगितला.

त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सार, हा बिझनेस आम्ही नाही करणार. ही मोडीत काढू. पितळेला भाव आहे."

"आणि कुणाच्या घरी कुणी गेलं तर?"

"दुसरं कुणीतरी देईल की."

दुसरं कुणी देत नाही, हे मला माहीत होतं. लग्नाची भांडी देणारे गावात पुष्कळ झालेत. दोन वेगळे संच ठेवायला जागा, वेळ आणि भीती लागते. पण मी तेव्हा बोललो नाही. कमलाचं पायसम डोळ्यांपुढं होतं.

सही करायच्या आधी सेंदिलनं एक मागणी केली. आवणी महिन्यातला, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराचा, मोठा मुहूर्त होता, गावात लग्नंच लग्नं. "त्या दिवशी माझी टीम तुमचं दुकान चालवू दे. ट्रायल. तुम्ही फक्त बसा."

मी बसलो. खुर्चीवर बसून दुसऱ्यांना भांडी उचलताना पाहणं हे दाढदुखीसारखं आहे. ती पोरं हंडा कानाला धरून ओढत होती. हंडा नेहमी पोटाखाली हात घालून उचलतात, बाळासारखा. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. गाड्या भरून गेल्या. मी कॉफी प्यायला घरात गेलो.

परत येतो तर मुरुगेसन दाराशी उभा. मुरुगेसन माझा माणूस. मिशी फुटली तेव्हा माझ्याकडं लागला, आता त्याची मिशी पांढरी आहे. भांडी पोचवणं, आणणं, घासणं त्याचं काम.

"अय्या, मागच्या खोलीतला शंभर पानांचा हंडा कुठाय?"

"कुठं जाईल?"

"जागेवर नाही."

मी चपला घातल्या. मग मी म्हणालो, "ऑटो बोलाव."

बायपासजवळच्या मंडपात नादस्वरम् चालू होतं. मी सरळ मागं चुलींकडं गेलो. तिथं वैदी आचारी होता. जुना माणूस, त्यानं माझ्या भांड्यांत उभा जन्म काढला. त्याच्या चुलीवर माझा हंडा, रसमसाठी पाणी तापत होतं. डाळ अजून पडली नव्हती. आणि शेजारी नवरीचा मामा उभा, धोतरासारखी जरीकाठी वेष्टी नेसून, सगळ्यांना हुकूम सोडत.

खरं सांगितलं असतं तर त्या लग्नात रडारड झाली असती. पुढं त्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं असतं तर जन्मभर त्या हंड्यावर आलं असतं. आणि न सांगता सोडून देणं मला जमणारं नव्हतं.

मी मोठ्यानं म्हणालो, "वैदी, तो हंडा उतरव. त्याची कल्हई उडालीय. रसम कळकेल."

पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा थर देतात, ती कल्हई. ती गेली की आंबट पदार्थ बिघडतो. वैदीनं हंड्यात वाकून पाहिलं. कल्हई आरशासारखी चकचकत होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग काठावरून बोट फिरवलं, आणि बोट थांबलं.

"होय राव," तो म्हणाला. "पार उडालीय." आणि फडक्यानं धरून त्यानं सगळं पाणी मोरीत ओतलं.

मामा खूश. "बघा, भांडी द्यावीत तर रावांनी. स्वतः येऊन तपासतात!"

बाहेर सेंदिल भेटला. त्याला मी एका बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं.

"सॉरी, सार. पोरांना एक हंडा कमी पडला, त्यांना दिसला तो उचलला." मग हळूच, "कुणाला कळलं का?"

"नाही."

"मग झालं की."

"मला कळलं ना!"

"पण सार," तो अगदी शांतपणे म्हणाला, "तुम्ही तर विकताय."

खरं झोंबलं की माणूस करतो तेच मी केलं. रागावलो. तिथंच मंडपाच्या दारात सांगितलं, विकत नाही, जा. नादस्वरम् चालू होतं म्हणून बरं, फार जणांनी ऐकलं नाही.

घरी येऊन कमलाला सांगितलं. तिला वाटलं मी तेवढी मागची भांडी ठेवून घेतली.

"म्हणजे कल्याणं त्याला दिली आणि मढी माझ्या वाट्याला ठेवली?"

"कल्याणंही दिली नाहीत. काहीच विकलं नाही."

ती उठून आत गेली. त्यानंतर कॉफी मिळायची, पण पेला आपटून. पद्माचा फोन आला की ती मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "तुझ्या अप्पाशिवाय ह्या गावात कुणाला मरता येत नाही ग!"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मनात म्हणत होतो, बोल, बोल. पण बोळातल्या दाराशी माणूस येतो तो कुणाकडं? रावाकडं. मी दुकान सोडलं तर तो कुठं जाईल? हे काय विकण्याचं काम आहे? मला त्या दिवसांत स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

सेंदिलनं एकदा फोन केला. म्हणाला, "सार, मागची खोली डीलमधून काढून टाकू. ते काम माझ्याच्यानं होणार नाही, हे खरं. तुमची अट सांगा." मी म्हणालो, "विचार करतो." विचार काय करायचा होता? लग्नाची तारीख आधी कळते. मरणाची कळत नाही. मागची खोली ठेवली तर मी एका दिवसासाठीही गाव सोडू शकत नव्हतो, आणि कुठल्याच पंगतीत मोबाइल बंद करून बसू शकत नव्हतो. सगळं विकण्यापेक्षा हे अर्धं ठेवणं जास्त जड.

असे काही दिवस गेले. मग भीमराव मास्तर गेले.

मास्तर आमच्यातले, राजवाड्याच्या पलीकडं राहायचे. मी तमिळ शाळा लवकर सोडली. देवनागरी अक्षरं मला मास्तरांनी त्यांच्या ओसरीवर शिकवली, एका उन्हाळ्यात, फुकट. हे जे मी लिहितोय ते त्यांच्यामुळं. आज आमच्या पोरांना घरचं मराठी कळतं, वाचता येत नाही.

सकाळी फुलवालीनं बातमी सांगितली. मी कॉफी तशीच ठेवली. धुतलेली वेष्टी नेसलो. मागच्या बोळाचं दार उघडून स्टूल टाकून बसलो. मास्तरांचा मुलगा येणार, हे पक्कं. तो आला की काय द्यायचं तेही मनात ठरवलं. भाताचा हंडा, दोन पातेली, पाण्याचं घंगाळ. उंबऱ्यावर तो काय ठेवतो ते ह्या वेळी घ्यायचंच नाही, तेही ठरवलं.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. कुणी आलं नाही. बोळातून एक कुत्रं येऊन माझ्याकडं पाहून गेलं.

मला राग आला. पोरगा चेन्नईला नोकरीला, त्यानं जेवणाच्या कॉन्ट्रॅक्टवाल्याला सांगितलं असणार. मास्तरांच्या तेराव्याला स्टीलची भांडी! मग म्हटलं, आपणच पाठवू. मान-अपमान कसला. मी उठलो आणि मागची खोली उघडली.

भाताचा हंडा नव्हता. दोन पातेली नव्हती. घंगाळ नव्हतं.

मला वाटलं, परत सेंदिलची पोरं! तेवढ्यात मुरुगेसन रिकामी तीनचाकी घेऊन बोळात शिरला.

"मुरुगेसा, भांडी?"

"मास्तरांच्या घरी देऊन आलो, अय्या. पहाटेच."

"कुणी सांगितलं?"

"त्यांच्या मुलानं. फोन आला होता."

"कुणाला?"

त्यानं ब्रेक लावला, खाली उतरला, पटका सोडून तोंड पुसलं. मग म्हणाला, "मला."

"तुला का? माझा नंबर नाही त्याच्याकडं?"

"असेल, अय्या. पण सगळे मलाच करतात."

"सगळे म्हणजे?"

"तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून. त्याआधीही निम्मे करायचे. तुम्हाला उठवायचं कशाला, म्हणून."

"आणि चावी?"

त्यानं माझ्या मागं पाहिलं. चावी आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते. मी मागं वळून पाहिलं. कमला दारात उभी होती. कितीतरी दिवसांनी तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं.

"मीच देते," ती म्हणाली. "तुम्ही झोपलेले असतां."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उठून बसला असतां. मग गुडघ्याला तेल कुणी लावायचं?"

मी स्टूलवर परत बसलो.

दुपारी मास्तरांच्या घरी गेलो. मुलगा माझ्यासमोर आला, माझे हात हातात घेतले, रडला. मीही रडलो. मग तो माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसाला म्हणाला, "मुरुगेसण्णा, तेराव्याला अजून एक पातेलं लागेल." मला नाही म्हणाला. मुरुगेसननं मान हलवली. आडाजवळ माझी भांडी पालथी, ओळीनं ठेवली होती. खाचांची बाजू भिंतीकडं, पाहुण्यांच्या नजरेला पडू नये अशी. हे माझ्या वडिलांना सुचलं नव्हतं. मलाही नाही.

संध्याकाळी मुरुगेसनला घरात बोलावलं.

"मागची खोली तू घेतोस?"

"विकत?"

"विकत कसली? ती काय विकायची भांडी आहेत?"

"जागा नाही, अय्या. घर लहान."

"तुझ्या परसात पत्रे टाकून देतो."

माझ्या जातीच्या घरांतली माणसं त्याच्या दाराशी येतील का, असं मला विचारायचं होतं. पण फोन तर आधीपासूनच जात होते. तोंडावर आलेलं गिळलं.

"रिवाज तुला माहीत आहेत," मी म्हणालो.

"तेवढे आहेत," तो म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "अय्या, ते हंडे उचलताना तुम्ही मध्ये मध्ये येऊ नका. पाय घसरेल."

कमला आत हसली, ते मला ऐकू आलं.

सेंदिलला मी फोन केला. पुढची खोली, दुकान, नाव त्याचं, मागची रिकामी खोली माझ्याकडं. मागची भांडी मुरुगेसनची, त्यांना सेंदिलनं हात लावायचा नाही. आणि मुरुगेसननं लग्नाला भांडी द्यायची नाहीत. सेंदिल लगेच कबूल झाला. सहीच्या दिवशी त्यानं मला शाल घातली. शाल पॉलिएस्टरची होती, पण घातली ती मनापासून. माझ्या हंड्यांवर आता स्टिकर आहेत, त्यावर लिटर लिहिलंय.

तै महिन्यात, पोंगलनंतर, कमलाच्या भाच्याचं लग्न झालं. आम्ही दोघं पंगतीत शेजारी बसलो. पान मांडलं, मीठ वाढलं, लोणचं आलं. भात आला तो अर्धा कच्चा. हंडा मोठा आणि आच कमी, मला बसल्या जागी कळलं. मी हात टेकून उठायला लागलो. कमलानं माझ्या वेष्टीचा काठ धरला.

"बसा."

"अग, भात..."

"कच्चा असू दे. बसा."

बसलो. पायसम चांगलं होतं. तिनं दोनदा घेतलं. समोरच्या पंगतीतल्या बाईनं कमलाला विचारलं, "हे कोण?" बाई नवी होती, तिनं मला कधी पाहिलंच नव्हतं.

मागच्या खोलीला आता मी कुलूप लावत नाही, आत काही नाही. कुणी गेल्याची बातमी अजूनही मला फुलवालीकडून कळते, आणि बहुतेक वेळा मुरुगेसन तोवर जाऊन आलेला असतो.

धंदा विकावा की नाही, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना मी एकच सांगतो. ऑडिटरला हिशेब नंतर दाखवा. आधी चार दिवस आजारी पडा आणि फोन कुणाला जातात ते बघा. ज्याला जातात, धंदा त्याचा. सही तेवढी आपली.